राजकुलीन बालवेश

राजघराण्यातील मुलामुलींनी राज्यारोहण, विवाह, अंत्यविधी, दरबार, राष्ट्रीय उत्सव इ. औपचारिक सार्वजनिक प्रसंगी परिधान करावयाचा वेश. सामान्य कुटुंबातील मुलाच्या सणासुदीच्या पोशाखातून त्याचे वय आणि घरची ऐपत एवढ्याच गोष्टी व्यक्त होतात. राजकुलीन बालकाच्या वेशातून त्यांखेरीज त्याचे राज्यव्यवस्थेतील स्थानही व्यक्त व्हावे, अशी अपेक्षा असते. हे स्थान जन्माबरोबरच प्राप्त होते व त्यास वय नसते; ते धारण करणाऱ्या शरीरास मात्र वय असते. ते वाढते, थकते, त्याला थंडी वाजते, जड वस्त्रे पेलत नाहीत. पदाचा मान राखावा की वयाचा, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक राजदरबारापुढे केव्हा ना केव्हा उभा राहिला आणि त्याची उत्तरे देशकालानुसार भिन्न मिळाली.

प्राचीन काळी वय दर्शविण्याचे काम पुष्कळदा वस्त्रापेक्षा केशरचनेकडे असे. ईजिप्तमधील भित्तिशिल्पांत मुलांचे डोके भादरून एका बाजूस वेणीसारखी एकच बट राखलेली दिसते. रॅमसीझ घराण्याच्या काळात ही बट राजपुत्रपदाचीच खूण बनल्याने प्रौढ राजपुत्रांच्या चित्रांतही ती आढळते. म्हणजे बाल्याची खूण येथे मानचिन्ह झाली. भारतात कुमारांच्या कानांवर रुळणाऱ्या झुलपांना ‘काकपक्ष’ म्हणत. वाल्मीकि रामायणात विश्वामित्राबरोबर यज्ञरक्षणार्थ निघालेले राम-लक्ष्मण काकपक्षधारी आहेत व कालिदासाच्या रघुवंशातही हाच संकेत पाळलेला दिसतो. हाती धनुष्य आणि डोक्यावर बालपणीची झुलपे, या विसंगतीतच त्या प्रसंगातील दशरथाच्या काळजीचे मर्म आहे. रोममध्ये स्वतंत्र नागरिकांचे मुलगे जांभळ्या काठाचा टोगा नेसत व गळ्यात ‘बुल्ला’ नावाचा ताईत घालीत. साधारणतः चौदा ते सोळाव्या वर्षांच्या दरम्यान ही दोन्ही चिन्हे उतरवून प्रौढाचा पांढरा टोगा देण्याचा विधी होई. जांभळ्या काठाचा हाच टोगा रोमचे वरिष्ठ अधिकारीही वापरीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. इ. स. पू. ९ मध्ये लोकार्पण झालेल्या ‘आरा पाचिस’ या शांतिवेदीवरील मिरवणुकीच्या शिल्पपटात ऑगस्टसच्या कुटुंबातील लहान मुले अशाच वेशात मोठ्यांचे पदर धरून उभी आहेत.

मध्ययुगीन व प्रबोधनकालीन यूरोपात पदाने वयावर मात केली. राज्याभिषेकाची वस्त्रे धार्मिक विधीचा भाग असल्याने त्यांत वयानुसार फेरफार करणे अवघड होते. इंग्लंडचा दुसरा रिचर्ड १६ जुलै १३७७ रोजी दहाव्या वर्षी अभिषिक्त झाला. दीर्घ विधीने तो इतका थकला, की सर सायमन बर्ली याने त्याला खांद्यावर उचलून बाहेर नेले व त्या गडबडीत अभिषेकाच्या पादत्राणांपैकी एक गळून पडले. पुढे त्याचे राज्य गेल्यावर लोकांनी त्यात अपशकुन पाहिला. वस्तुतः पादत्राण मोठ्याच्या मापाचे होते आणि पाय लहान होता, एवढेच. १५४७ मध्ये नवव्या वर्षी गादीवर आलेल्या सहाव्या एडवर्डच्या वेळी दरबाराने अधिक शहाणपण दाखविले. वयाकडे पाहून विधी आटोपता घेण्यात आला आणि पारंपरिक मुकुटांबरोबरच त्याच्या डोक्याच्या मापाचा एक निराळा मुकुट घडविण्यात आला. हाच एडवर्ड दीड वर्षाचाही नसताना हान्स होल्बाइन याने काढलेल्या चित्रात (सु. १५३८) तांबड्या मखमलीच्या व जरीच्या वस्त्रांत, पिसाची टोपी घालून उभा आहे. हातात खुळखुळा आहे, पण तो त्याने राजदंडासारखा धरला आहे.

बालकाला प्रौढाचा वेश चढविण्यामागे केवळ हौस नव्हती. अर्भकमृत्यूचे प्रमाण मोठे असलेल्या काळात वारस जिवंत व सुदृढ आहे, हे प्रजेला आणि परराष्ट्रांना दाखविणे ही राज्याची गरज होती. स्पेनचा युवराज बाल्तासार कार्लोस याचे व्हेलास्केसने १६३२ च्या सुमारास काढलेले चित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तो अद्याप अगदी लहान असल्याने अंगात झगा आहे; परंतु त्यावर सेनापतीचा पट्टा, कमरेला तलवार व हातात दंड आहे. त्याची सावत्र बहीण मार्गारीता हिचे चित्रण तर जगप्रसिद्धच आहे. लास मेनिनास (१६५६) या चित्रातील पाच वर्षांच्या या राजकन्येचा घागरा कड्यांच्या सांगाड्यावर दोन्ही बाजूंस इतका ताणलेला आहे, की तिचे हात सरळ खाली सोडणे शक्य नव्हते. तिचा विवाह व्हिएन्नाच्या लिओपोल्ड या सख्ख्या मामाशी ठरलेला असल्याने ती वाढत असताना तिची चित्रे वेळोवेळी तिकडे पाठविली जात. गुलाबी, पांढऱ्या व निळ्या पोशाखांतील ही तिन्ही चित्रे व्हिएन्नाच्या कलेतिहास संग्रहालयात आहेत.  १६६६ मध्ये तिचा विवाह झाला व १६७३ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी ती निधन पावली.

मात्र याच काळात मुलग्यांच्या बाबतीत वयाचा एक स्पष्ट टप्पा पाळला जाई. चारपाच वर्षांपर्यंत, कधीकधी त्याहून अधिक काळ मुलगे व मुली दोघेही झगे घालीत. वाढत्या अंगाला ते सोईचे असत आणि मलमूत्रविसर्जनाच्या दृष्टीनेही सोपे पडत. मुलाला प्रथम विजार घालण्याचा दिवस कुटुंबात समारंभाने साजरा होई. फ्रान्सचा तेरावा लुई (१६०१–४३) याच्या बालपणाची रोजनिशी झां एरोआर या राजवैद्याने ठेवली आहे. झग्यातून सदरा, विजार व तलवार यांकडे जाण्याचे टप्पे तीत नोंदलेले असून १६०८ मध्ये हे स्थित्यंतर पूर्ण झालेले दिसते. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने बालपणाच्या कल्पनेच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात (१९६०) या रोजनिशीचा भरपूर उपयोग केला. बालपण ही कल्पनाच मध्ययुगात नव्हती, हे त्याचे मत आता जसेच्या तसे स्वीकारले जात नाही. परंतु वेश हा बालपणाच्या इतिहासाचा पुरावा आहे, ही दृष्टी त्याने दिली.

इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या मुलांचे चित्र हे वयोचित वेशाबद्दलच्या मतभेदाचे एक जुने व चांगले उदाहरण होय. १६३५ मध्ये व्हॅन डाइकने राजाच्या तीन वडील मुलांचे एकत्र चित्र काढले. ते राणीच्या बहिणीकडे तूरिन येथे पाठवावयाचे होते. लहान मुलांना रिवाजाप्रमाणे घालतात ते ॲप्रन चित्रात नाही, म्हणून राजा चित्रकारावर नाराज झाल्याचे समकालीन पत्रावरून कळते. मुले मुलांसारखी दिसावीत, असे येथे स्वतः राजालाच वाटत होते. या चित्रात पाच वर्षांचा युवराज झग्यात आहे. लगोलग काढलेल्या दुसऱ्या चित्रात मात्र तोच मुलगा विजारीत, मोठ्या माणसाच्या ऐटीत उभा आहे.

अठराव्या शतकात मत पालटू लागले. जॉन लॉकने शिक्षणविषयक विचारांत (१६९३) व रूसोने एमील (१७६२) या ग्रंथात मुलांना आवळून बांधणाऱ्या कपड्यांचा निषेध केला. शतकाच्या अखेरीस आखूड बंडीला गुंड्यांनी जोडलेली घोट्यापर्यंतची विजार हा खास मुलांसाठी बेतलेला पोशाख प्रचारात आला. त्यात पळता, चढता, लोळता येई. गोयाच्या चौथ्या कार्लोसचे कुटुंब (१८००) या चित्रात सहा वर्षांचा राजपुत्र फ्रांथीस्को दे पाउला हा तांबड्या पोशाखात आईचा हात धरून उभा असून छातीवरून राजचिन्हाचा पट्टा गेला आहे. बेत मुलाचा आणि चिन्ह पदाचे, ही तडजोड पुढील सर्व सुजाण राजकुलांनी कमीअधिक फरकाने स्वीकारली.

या तडजोडीचे सर्वांत यशस्वी रूप म्हणजे खलाशी पोशाख. १८४६ च्या सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नौकाविहारात तिचा ज्येष्ठ पुत्र ॲल्बर्ट एडवर्ड याला राजनौकेवरील शिंप्याने शिवलेला, नाविकांच्या गणवेशाबरहुकूम पांढरा सदरा, घोळदार विजार व निळी कॉलर असलेला पोशाख घालून खलाशांपुढे आणण्यात आले. राजपुत्र त्यावेळी पाच वर्षांचाही नव्हता. व्हिंटरहाल्टर याने त्याचे त्या वेशातील चित्र काढले व त्याच्या प्रती सर्वत्र पसरल्या. मूळ पोशाख ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात आहे. या कल्पनेत अनेक गोष्टी एकदम साधल्या होत्या. कापड धुता येण्याजोगे होते, गळा मोकळा होता, हालचालीला अडथळा नव्हता. शिवाय तो गणवेश अधिकाऱ्याचा नसून सामान्य नाविकाचा होता. भावी राजाने राष्ट्रसेवेच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहावे, हा त्याचा अर्थ लोकांना न सांगता कळला. पुढील साठसत्तर वर्षांत जर्मनी, रशिया आदी देशांतील राजपुत्र आणि त्यांच्यामागून मध्यमवर्गीय मुलेही खलाशी झाली. रशियाचा अखेरचा युवराज अलेक्सेय (१९०४–१८) याची बरीच छायाचित्रे याच वेशातील आहेत; महायुद्धाच्या काळात तो साध्या शिपायाच्या गणवेशात वडिलांबरोबर लष्करी तळावर राहिला. त्याच्या चार बहिणींना दोघीदोघींच्या जोडीने एकसारखे कपडे घालण्याचा त्यांच्या आईचा प्रघात होता.

व्हिक्टोरियाच्या घराण्याने स्कॉटिश डोंगरी पोशाखही मुलांसाठी वापरला. १ मे १८५१ रोजी लंडनच्या महाप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी युवराज पूर्ण डोंगरी वेशात होता, तर त्याच्या थोरल्या बहिणीने पांढऱ्या सॅटिनवर जाळीचा झगा घातला होता व केसांत रानगुलाबांची वेल माळली होती. १८६३ मध्ये या युवराजाच्या विवाहाला आणलेला त्याचा चार वर्षांचा भाचा, म्हणजे पुढे जर्मनीचा सम्राट झालेला दुसरा व्हिल्हेल्म, हाही तसाच नटविला होता. लांबलेल्या विधीत त्याला आवरण्याचे काम ज्या किल्टधारी मामांकडे होते, त्यांच्या उघड्या पायांना त्याने चावे घेतल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. वेश वयोचित असला, तरी प्रसंगाची लांबी तशी असतेच असे नाही. प्रशियात तर राजपुत्राला दहाव्या वाढदिवशी गार्ड पलटणीत दुय्यम लेफ्टनंट नेमून अधिकाऱ्याचा गणवेश देण्याची रीत होती. बालपणाची हद्द तेथे दहा वर्षांवर आखलेली होती.

भारत : भारतीय दरबारांत अल्पवयीन राजपुत्राचा पोशाख बहुधा प्रौढाच्याच पोशाखाची लहान प्रतिकृती असे. मोगल लघुचित्रांतील शाहजादे लहान मापाचा जामा, पटका व पगडी यांत दिसतात. अर्थात जामा सैल व सुती मलमलीचा असल्याने यूरोपीय सांगाड्याइतका तो जाचक नव्हता. मराठी राज्यात ‘वस्त्रे’ हा शब्दच अधिकारवाचक होता. सवाई माधवरावास १७७४ मध्ये पेशवाईची वस्त्रे मिळाली, तेव्हा तो अवघा चाळीस दिवसांचा होता. ती वस्त्रे अंगावर घालण्यासाठी नव्हतीच. साताऱ्याच्या छत्रपतींकडून ती येणे म्हणजे कारभाराला कायदेशीर आधार मिळणे होते. पद आणि वय यांतील अंतर याहून मोठे असणे कठीण.

ब्रिटिश अमलात दत्तकविधानामुळे अनेक संस्थानांत अल्पवयीन राजे गादीवर आले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांच्या वयात तिसरा सयाजीराव म्हणून बडोद्याच्या गादीवर बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी त्याला मुंबईस आणले गेले, तेव्हा त्याच्या अंगावरील रत्नांचेच वर्णन इंग्रज वार्ताहरांनी प्राधान्याने केले. काही महिन्यांपूर्वी गुराढोरांत वावरणाऱ्या मुलाला तो भार कसा वाटला असेल, याची चौकशी त्यांत नाही. प्रौढपणी सयाजीरावांनी दागिन्यांचा सोस सोडला व १९११ च्या दिल्ली दरबारात ते साध्या पांढऱ्या पोशाखात गेले. याच दरबारात जोधपूर, भरतपूर, बिकानेर इ. संस्थानांतील कुमारवयीन राजे व राजपुत्र बालमानकरी म्हणून नेमले होते. जरीचे अंगरखे, रत्नजडित शिरपेच व मोत्यांच्या माळा घातलेल्या या मुलांनी पंचम जॉर्ज व मेरी राणी यांच्या झग्यांचे शेव धरले. त्यांचा वेश राजाचा होता आणि काम सेवकाचे. साम्राज्यातील संस्थानिकांचे स्थान त्यातून पुरेसे स्पष्ट झाले. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे रद्द झाले आणि भारतात या वेशाचे राजकीय प्रयोजन संपले.

पूर्व आशिया : चीनचा अखेरचा सम्राट पू-यी २ डिसेंबर १९०८ रोजी सिंहासनावर बसला, तेव्हा त्याला तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कडाक्याच्या थंडीत, लांबलचक वंदनविधी चालू असता तो रडू लागला, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. उलट जपानच्या सम्राटकुलात वयाचा प्रत्येक टप्पा वेशाच्या रूपाने निश्चित केलेला आहे. राजपुत्र हिसाहितो (जन्म ६ सप्टेंबर २००६) याला ३ नोव्हेंबर २०११ रोजी प्रथम ‘हाकामा’ हे चुणीदार अधोवस्त्र नेसविण्यात आले. त्याच दिवशी त्याच्या केसांची टोके कापून ‘गो’ या खेळाच्या पटावरून त्याला खाली उडी मारावयास लावण्यात आले. हा निरोगी वाढीसाठी करावयाचा विधी होय. ६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याचा प्रौढत्वविधी झाला. प्रारंभी तो अल्पवयीन राजपुत्राच्या फिकट बदामी झग्यात आला, त्याच्या मस्तकावर प्रौढाचे काळे शिरोभूषण बांधण्यात आले आणि नंतर तो प्रौढाचा काळा झगा घालून राजवाड्यातील देवस्थानांच्या दर्शनास गेला. पाचव्या वर्षी खेळाच्या पटाला विधीत जागा देणारी ही परंपरा मुलाचे मूलपण जाणते, असे म्हणावयास हरकत नाही.

विसाव्या शतकापासून : छायाचित्र, चलच्चित्र व पुढे दूरचित्रवाणी यांमुळे राजकुलातील मुले लाखो घरांतून पाहिली जाऊ लागली व वेशाबद्दल मत देण्याचा अधिकार दरबाराबाहेर गेला. मुलांची स्वतःची मतेही नोंदली जाऊ लागली. १३ जुलै १९११ रोजी कारनारव्हन येथे प्रिन्स ऑफ वेल्सपदाच्या समारंभासाठी सतरा वर्षांच्या एडवर्डला (नंतरचा आठवा एडवर्ड) पांढरी सॅटिनची तोकडी विजार व जांभळ्या मखमलीचा झगा नेमून देण्यात आला. नौदलातील आपले सोबती हसतील म्हणून त्याने कडक विरोध केला व अखेर आईच्या समजुतीने तो तयार झाला, असे त्यानेच आठवणींत लिहिले आहे. कुमारवयाची ही अडचण राजशिष्टाचाराच्या नियमांत कोठेच धरलेली नव्हती.

१२ मे १९३७ च्या राज्याभिषेकात अकरा वर्षांची एलिझाबेथ व सहा वर्षांची मार्गारेट यांना सारखेच मलई रंगाचे जाळीचे झगे, त्यांवर फरची किनार असलेले जांभळ्या मखमलीचे झूल आणि मुद्दाम हलके घडविलेले लघुमुकुट देण्यात आले. पदाची सर्व चिन्हे राखून त्यांचे वजन तेवढे कमी केलेले होते. २ जून १९५३ रोजी आईचा राज्याभिषेक पाहणाऱ्या चार वर्षांच्या चार्ल्सच्या बाबतीत याहून पुढचे पाऊल पडले. त्याला पांढऱ्या रेशमी सदऱ्यात, आजी व मावशी यांच्यामध्ये बसवून विधीच्या मुख्य भागापुरतेच आत आणले होते. दोन वर्षांची ॲन तर घरीच राहिली. बेल्जियम, नेदर्लंड्स, स्पेन व स्कँडिनेव्हियातील राजकुलांत मुलांसाठी मुकुट-झूल यांचा वापरच नाही. ३० एप्रिल २०१३ रोजी व्हिल्लेम-अलेक्सांडर नेदर्लंड्सचा राजा झाला, तेव्हा त्याच्या नऊ, सात व सहा वर्षांच्या मुलींनी आईच्या पोशाखाशी जुळणारे निळे झगे व केसपट्ट्या एवढेच घातले होते. रत्नजडित शिरोभूषण साधारणपणे अठराव्या वर्षानंतरच घालावे, असा संकेत तेथे पाळला जातो. २०२२ च्या जूनमध्ये नॉर्वेची राजकन्या इंग्रिड अलेक्सांड्रा हिच्या अठराव्या वाढदिवसाच्या मेजवानीत ती स्वतः व नेदर्लंड्सची युवराज्ञी अमालिया या दोघींनी ते घातले.

ब्रिटनमधील उच्च वर्गात लहान मुलग्याला साधारण आठ वर्षांपर्यंत आखूड चड्डीच घालण्याची जुनी चाल आहे. त्यामुळे २०२१ च्या जून-जुलैमध्ये वेंब्ली येथील फुटबॉल सामन्यांना आठव्या वर्षात असलेला राजपुत्र जॉर्ज वडिलांसारखाच सूट व टाय घालून आला, तेव्हा मुलाला खेळ पाहताना तरी मोकळे कपडे असावेत, अशी टीका वृत्तपत्रांतून झाली. टीकेत तथ्य होते. सभोवतालचे इतर मुलगे संघाच्या बनियनमध्ये होते. ६ मे २०२३ च्या राज्याभिषेकात नऊ वर्षांचा हाच राजपुत्र राजाच्या बालमानकऱ्यांपैकी एक होता. जरीने मढविलेला तांबडा अंगरखा परंपरेनुसार होता, पण गुडघ्यापर्यंतच्या चड्डीऐवजी लांब काळी विजार होती. ११२ वर्षांपूर्वी एडवर्डची हरकत ज्या वस्त्राला होती, ते अशा रीतीने वगळले गेले. त्याची आठ वर्षांची बहीण शार्लट हिच्या हस्तिदंती रंगाच्या झग्यावर गुलाब, थिसल, डॅफोडिल व शॅमरॉक या राज्यातील चार घटकप्रदेशांच्या वनस्पती भरल्या होत्या. पाच वर्षांच्या लुईला समारंभातून मध्येच बाहेर नेऊन शेवटी परत आणण्यात आले.

अशा वेशाच्या सिद्धतेत शिंप्याला काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. समारंभाची तारीख महिनोन्‌महिने आधी ठरते आणि मूल त्या अवधीत वाढते. म्हणून शिवणीत माया जास्त ठेवतात व अखेरचे माप अगदी उशिरा घेतात. पायऱ्या चढता याव्यात म्हणून झग्याची लांबी घोट्याच्या वर ठेवणे इष्ट असते. नवे बूट आधी घरात वापरून मऊ करून घ्यावे लागतात. अर्भकांच्या बाबतीत एकच वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या वापरता येते, कारण तेथे मापाचा प्रश्न उद्भवत नाही. व्हिक्टोरियाच्या पहिल्या मुलीसाठी १८४१ मध्ये होनिटन जाळीचा केलेला बाप्तिस्म्याचा झगा २००४ पर्यंत वापरात होता व तो जीर्ण झाल्यामुळे २००८ पासून त्याची प्रतिकृती वापरली जाते. शोकप्रसंगी मुलांना काळा रंग द्यावा की नाही, याबाबत एकवाक्यता नाही. १९ सप्टेंबर २०२२ रोजी दुसऱ्या एलिझाबेथच्या अंत्यविधीस जॉर्ज गडद निळ्या सूटमध्ये होता, तर सात वर्षांची शार्लट काळा कोट व काळी टोपी घालून होती. तिच्या कोटावर घोड्याच्या नालाच्या आकाराचे एक लहान हिऱ्यांचे पदक होते. घोड्यांची आवड असलेल्या पणजीची ती आठवण होती.